फैजपूरच्या चहात गेलेला डोस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी रावेरच्या थोरल्या मामांचं नाव घेईन, आणि अख्ख्या खानदेशात त्यांच्याइतका रागीट माणूस दुसरा नाही, हेही लगेच सांगेन. मामा केळीचा माल ट्रकात भरून देण्याचं काम करायचे. त्यांना बंद पंख्याचा राग यायचा आणि चालू पंख्याचाही. बातम्या सांगणाऱ्या बाईवर ते रोज संध्याकाळी चिडत, आणि जेवण झाल्यावर तिचंच बरोबर होतं असं मामीला सांगत. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मला जळगावच्या कॉलेजात घालायला मामा आले ते फाटकावरच्या शिपायापासून भांडत आले. प्राचार्य प्रवेश द्यायला तयारच होते, पण मामांचं भांडण संपलं नव्हतं. "पोराले नीट शिकवता का नाही, ते सांगा पह्यले," असं ते अर्जावर शिक्का बसल्यावरही विचारत होते.

उशिराचा राग मात्र सर्वांत मोठा. कापलेली केळी वाटेत पिकतात, म्हणून चहाला थांबलेल्या ड्रायव्हरचा कप त्यांनी एकदा त्याच्या हातातून घेऊन रस्त्यावर ओतला होता. त्यामुळे मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा मी त्यांना स्कॅन समजावला तो केळीच्याच भाषेत. मी काम करतो त्या स्कॅनच्या केंद्रात आम्ही पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या एका छोट्या तुकड्याला, किरणोत्सारी गॅलियम जोडून डोस बनवतो. शिरेतून दिलं की ते या कॅन्सरच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं, आणि आजार हाडांपर्यंत गेलाय का, ते कॅमेऱ्यात दिसतं. मामांचं ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यावरच ठरणार होतं.

"पण मामा, बनवल्यापासून तासाभरात त्याचा जोर निम्मा होतो."

"मले नको शिकवू," मामा म्हणाले. "माल येळेवर कसा पोचवायचा, ते मले समजते."

ठरलेल्या दिवशी डोस तयार करून मी वाट पाहत बसलो. मामा दोन तास उशिरा आले. वाटेत फैजपूरला मुलीच्या सासरी थांबले होते. चहा झाला, मग पोहे झाले, मग व्याह्यांनी टोपी-टॉवेल दिला. "व्याह्याच्या दारावरून तसाच निघून येऊ का मी? काय म्हनतीन लोकं?"

डोस वाया गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांवर ओरडलो, तेही बसलेल्या सगळ्या रुग्णांसमोर. वाटलं, आता भिंती हादरतील. पण मामा खांद्यावरच्या नव्या टॉवेलची घडी करत बाहेर गेले. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. मामी म्हणते, घरातही कोणावर ओरडलेले नाहीत. शेवटी रावेरला निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती मी हे पत्र पाठवलं:

"ती. मामांस शि. सा. नमस्कार.
माझा राग अजून गेलेला नाही. येत्या गुरुवारी पुन्हा डोस बनवतो आहे. तुम्ही एरवी वाटेत कोणाकडे थांबणारे नाहीत, हे मला त्या दिवशीच आठवायला हवं होतं. तुम्हाला पुढे यायची भीती वाटली, म्हणून तुम्ही थांबलात. कॅमेऱ्यात काय दिसेल याची भीती मलाही आहे, म्हणून तर एवढा ओरडलो. बुधवारी मी स्वतः तुम्हाला घ्यायला येतो. वाटेत थांबलो नाही म्हणून व्याही रागावले तर त्यांची समजूत मी काढीन. पण मामा, मी दारात आलो की गप्प बसू नका. काहीतरी कारण काढून माझ्यावर ओरडा.
तुमचा भाचा"