खुणेच्या वर गेलेला घण

काथ्याच्या दोराचा वास आला की कसबा बावड्यातला तो प्लॉट आठवतो. पाया ठरवायला इंजिनिअरसाहेब जमिनीत लोखंडी नळी ठोकून घेत होते. ती किती ठोक्यांत खाली जाते त्यावरनं मातीचा दम कळायचा. घण दोरानं ठरल्या खुणेपर्यंत उचलायचा आणि सोडायचा, एवढंच आम्हा गड्यांचं काम. पण मला अंगातल्या रगेची घमेंड. साहेब पाठमोरे बसून ठोके मोजत होते आणि मी घण खुणेच्या हातभर वर नेत होतो. नळी सरसर गेली. साहेब प्लॉटच्या मालकाला म्हणाले, "गुरुजी, जमीन फार मऊ आहे. साध्या पायावर घर राहणार नाही." गुरुजी रस्त्यावर थांबलेल्या बायकोला सांगायला गेले. तसा माझा जोडीदार हसला, "मऊ कुठली साहेब, ह्यो पैलवान घण आभाळात नेतोय की!" साहेब मला एवढंच म्हणाले, "मामा, ताकद मातीची बघायचीय, तुमची नाही." शेजारी मी पुन्हा खुणेपर्यंतच घण उचलून ठोकलं, तर नळी जेमतेम सरकायची. गुरुजी परत आले तेव्हा साहेबांनी सांगितलं, "मघाशी घणाची गडबड होती. जमीन घट्ट आहे." गुरुजींनी भरल्या डोळ्यांनी माझीच पाठ थोपटली, "पावणं, तुमच्या हातानं माझं घर वाचलं." मी म्हणालो, "व्हय." आता नातवंडं माझ्या ताकदीच्या गोष्टी मागतात, तेव्हा मी ही एक सोडून बाकीच्या सांगतो.