धुरपताबाईची लाथ

कामठ्याची धुरपताबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेली. अशा माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण पळते, असा साऱ्या मुलखाचा विश्वास. त्यामुळे तिच्या ओसरीवर रोज कोणी ना कोणी वाकडं होऊन यायचं. "अवं माय वं, मेलो वं!" असा सगळ्यांचा एकच सूर. बाई त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करी आणि उजवी टाच अशी हाणी, की माणूस आधी बोंबले, मग हसे.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात फुलचूरचा सुकराम आला. त्याची कळ कमरेतून कुल्ल्यात, मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट अंगठ्यापर्यंत. बाईने नेहमीसारखी हाणली. तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याचा पंजा उचलेना, वहाण फरफटे. चट्–फर्रर्, चट्–फर्रर्. तो आवाज बाईच्या कानातून जाईना. बसल्या जागीही तिची टाच हलत राही.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत बकरा कापला, तेव्हा ती तिथेच उकिडवी बसली. कण्याच्या पोकळीत पांढरी दोरी. मणक्यांच्या फटींतून निघालेले तिचे धागे एक होऊन मागच्या पायात उतरलेले.

"मटन नेतं का दोरे मोजून राहिली?" खाटीक म्हणाला.

पुढच्या पावसात, धानाच्या रोवणीच्या तोंडावर, शेजारच्या घरातून तिचा धाकटा भाऊ टेकचंद दोघांच्या खांद्यांवर आला. कळ तीच, अंगठ्यापर्यंत.

"हाण वं बाई, बांधीत चिखल वाट पाहून राहिला."

"नाही हाणत."

"काऊन? परक्याले हाणतं, अन् भावाले कंजूसी?"

बाईने काडीने त्याचा अंगठा टोचला. "लागलं?"

"काय लागलं?"

बाईने लगेच पंजा उचलायला लावला. तो अजून उचलत होता. "तुया दोरा दबला हाये. मी हाणली का तुया सुकराम होईल."

गाव म्हणालं, बाईच्या पायातला देव गेला. तिने टेकचंदला फळीवर निजवलं. रोवणी तिने नि भावजयीने ओढली. मधूनच चिखलाच्या पायांनी घरी पळायची, "हालव पंजा!" म्हणायची, की परत बांधीत.

चौथ्या आठवड्यात त्याला वहाणा घालून अंगणात उभं केलं. बाईने भिंतीकडे तोंड फिरवून कान दिला.

चट्–चट्. चट्–चट्.

"झालं ना वं, बाई?"

"थांबू नोको," ती भिंतीलाच म्हणाली. "आणखी एकडाव चाल."