तैस्तोचा ड्रोन घरी परतला

तैस्तोच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. शाळेची बस चालवायचा तेव्हा एका घरचं भांडण पुढच्या थांब्यावर बसच्या आधी पोचायचं. निवृत्त झाल्यावर त्याने ड्रोन घेतला आणि किडीने वाळलेली झाडं वरून हेरून जंगलमालकांना दाखवू लागला. काम चोख, वर शिकवणी फुकट. "उडवण्याआधी मोकळ्यावर थांबायचं. उपग्रह सापडू द्यायचे. मग ड्रोनला घर कुठंय ते कळतं, बटण दाबलं की मुकाट परत येतो. झाडाखाली घाई करील तो मूर्ख." हे सुरू झालं की त्याची थोरली बहीण साइमी कॉफीचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाई.

त्याचं खरं दुखणं साइमीच होती. फिनलंडच्या जंगलात कुणीही कुठेही अळंब्या वेचाव्यात, म्हणूनच चांगली जागा सख्ख्या माणसालाही सांगायची नाही. साइमी दर उन्हाळ्यात पिवळ्याधमक अळंब्यांची टोपली भरून आणी. ती जागा आईची. आईने ती लेकीला दिली, लेकाला नाही. आपल्यावर तिचा भरवसाच नव्हता, हे तैस्तोला या वयातही सलत होतं.

यंदा साइमी निघाली तसा तोही ड्रोन घेऊन मागे गेला. मोकळ्यावर थांबावं तर बाई नजरेआड होणार. त्याने उंच स्प्रूस झाडांखालूनच ड्रोन सोडला. वरून नुसते शेंडे दिसले असते, म्हणून खोडाखोडांमधून, तिच्या पाठोपाठ. उपग्रह काही सापडेनात. ड्रोन प्यायल्यासारखा झुलत होता आणि तैस्तोला घाम फुटला होता. तेवढ्यात हातातल्या फोनच्या पडद्यावर उजेड आला. वादळात झाडं पडून तिथे आभाळ उघडं झालं होतं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, घराची नोंद झाली. तैस्तोचं लक्ष कुठलं? त्याला जमिनीवर पिवळं पिवळं दिसत होतं.

मग साइमीने वळून वर पाहिलं. तैस्तोने घाबरून परतीचं बटण दाबलं आणि तो ड्रोनची वाट बघत उभा राहिला. ड्रोनने हुकूम पाळला. त्याच्या लेखी घर तिथेच होतं. पडद्यावर साइमीचा चेहरा आला, मग बूट, मग तिचा तळहात आणि काळोख.

फोनच्या नकाशावर ड्रोनचा ठिपका दिसत होता, त्याच्या मागे तैस्तो मान खाली घालून गेला. साइमी ओंडक्यावर बसली होती, शेजारी ड्रोन.

"या, शहाणे. लपत आलात म्हणे. ट्रॅक्टर आणला असतास तर कमी आवाज झाला असता."

"मोकळ्यावर थांबायला हवं होतं," तो पुटपुटला.

"ते गावातल्या कुत्र्यांनाही पाठ झालंय."

त्याला राहवलं नाही. "आईनं तुला जागा सांगितली. मला का नाही?"

साइमी हसतच सुटली. "मला तरी कुठं सांगितली? मी तिच्या मागं आले, झाडाआड लपत. ती आजीच्या मागं आली होती. ही जागा सांगत नाहीत, बाबा. मागं यावं लागतं." तिने गुडघे चोळले. "दर उन्हाळ्यात मुद्दाम तुझ्या खिडकीखालून रमतगमत जाते मी. आणि तू आत बसून रुसलेला."

 तैस्तो तिच्याकडे अळंब्या कापायला चाकू मागून खाली बसला.