सहा अंक कोणते?

सडबरी या खाणींच्या गावात, खाणींसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आयला कोस्केला माहितीपुस्तिका लिहायची. बाप खाणीत, भाऊ खाणीत. ती मात्र अकरा वर्षं खुर्चीत बसून वाक्यं घासत होती.

मंगळवारी पावणेबाराला रेजाँचा फोन आला. खाणीत सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या टोळीचा हा मुकादम.

"आयलाबाई, तुमच्या पुस्तकात लिहिलंय, 'भोकाची जागा सहा अंकांपर्यंत अचूक मिळते.' हे सहा पॉइंटनंतरचे, की सगळे मिळून?"

"पॉइंटनंतरचे. का हो?"

"मग उत्तरेकडच्या अंतराचा प्रत्येक आकडा शून्यावरच कसा संपतोय? शेजारी गेल्या खेपेचा न उडालेला सुरुंग आहे, म्हणून विचारलं. पुस्तकच म्हणतंय तर बरोबरच असेल. निघतो. बाराला ड्रिल सुरू."

वाक्य आयलानंच लिहिलेलं होतं. ती धावतच ड्वाइटकडे गेली. भोकांच्या जागा काढणारा प्रोग्राम त्याचा.

"सगळे मिळून सहा," तो सँडविच चावत म्हणाला. "उघड आहे."

"कुणाला उघड आहे?"

तिनं त्याच्याच कीबोर्डवर आकडा घातला: ५१४८२३७.४६. कागदावर उतरलं, ५१४८२४०. अडीच मीटरचा फरक! ड्वाइटचा घास तोंडातच राहिला.

बाराला चार मिनिटं कमी. रेजाँ खाली गेलेला, त्याचा फोन लागेना. तिनं खाणीच्या ऑफिसला लावला.

"पुस्तिकेसाठी काम थांबवू?" तिथला कारकून म्हणाला. "बाई, बऱ्या आहात ना?"

"वाक्य माझं चुकलंय. आधी रेजाँचं ड्रिल थांबवा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला!"

पलीकडे खुर्ची सरकली आणि धावती पावलं दूर गेली. आयला रिसीव्हर कानाला लावून उभीच होती. वीस मिनिटांनी रेजाँचा आवाज आला, धापा टाकणारा.

"हातभर गेलो होतो. टेप लावून त्या जुन्या सुरुंगापासूनचं अंतर मोजलं. आणखी दोन हात आत गेलो असतो, तर त्यालाच भिडलो असतो."

जागेवर येऊन तिनं लिहिलं: 'पॉइंटच्या आधीचे धरून एकूण सहाच अंक खरे. त्यापुढच्या अंकावर विसंबू नये.' घाईत 'सहा' तीनदा चुकलं.

"मी प्रोग्राम दुरुस्त करतो," ड्वाइट हळूच म्हणाला.

"कर. पण आज आणखी आठ खाणींत लोक जुनं वाक्य वाचतायत."

तिनं एकेका खाणीला फोन लावला. सहाव्या खाणीचा मॅनेजर हसला. "आमचं पुस्तक अजून पाकिटातच आहे हो."

"मग फोडा पाकीट," ती म्हणाली. "मी फोनवर थांबते."