लोहाऱ्यामागची टेकडी आणि कापसाची बंडी

पौषातल्या एका रविवारी सकाळी सातला आम्ही पाचजणी लोहाऱ्याच्या पुढे ऑटोतून उतरलो. कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या आणि सागाचं जंगल सुरू झालं. आम्ही सगळ्या यवतमाळच्या एकाच शाळेतल्या शिक्षिका. मी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, इथे नवीन. चित्राताईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, पण चालण्यात त्याच सर्वांत पुढे.

आपल्याकडचे डोंगर अंगावर येतात. इथली टेकडी मात्र कधी चढू लागलो ते कळलंच नाही. धावडा, मोह, पळस. चित्राताई प्रत्येक झाडाशी ओळख करून देत होत्या. माथ्यावर बसून भाकर, ठेचा आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी खाल्ली. खाली कापसाची शेतं पांढरीशुभ्र फुटली होती.

"एवढं पीक आलंय, मग सगळे काळजीत का?" मी विचारलं.

"पीक आलं, भाव नाही आला," चित्राताई म्हणाल्या.

उतरताना जवळची वाट मीच सुचवली. सागाच्या वाळक्या पानांखालचा दगड दिसला नाही आणि चित्राताई घसरल्या. गुडघा फुटला, पाऊल भलतीकडेच वळलं. त्यांना उभं राहता येईना. त्या रानात फोन कुठला! तिघींना त्यांच्यापाशी ठेवून मी खाली धावले.

पहिल्याच शेतात एक जोडपं कापूस वेचत होतं.

"काय झालं वो बाई? कायले पळून राह्यल्या?" बाईंनी विचारलं. त्या कमलबाई.

मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी ओटीतला कापूस तिथेच रिकामा केला, गाठोडं बांधायची चादर खांद्यावर टाकली आणि नवऱ्याला घेऊन माझ्यापुढे चढू लागल्या. त्याच चादरीत चित्राताईंना घालून आम्ही सहाजणांनी थांबत थांबत खाली आणलं. बांधावर त्यांची बंडी (बैलगाडी) उभी होती, बाजारात न्यायच्या कापसाने अर्धी भरलेली.

"अहो, रक्त लागेल कापसाला," चित्राताई कळवळल्या.

"लागू द्या. तसाही यंदा त्याले कोणी पुसत नाही," कमलबाईंचा नवरा म्हणाला. "टेका आरामात."

सडकेवर यवतमाळकडे जाणारी जीप मिळाली. मी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कायचे?" कमलबाई हसल्या. "मी पडली असती त तुम्ही टाकून गेल्या असत्या काय?"

"नाही," मी म्हणाले. बंडी वळली. त्यांना अजून अर्धं शेत वेचायचं होतं.

चित्राताईंचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. तिकडे करमतं का, असं तुम्ही साताऱ्याहून पत्रातून विचारता. करमतं. फक्त वाटेत कुणी अडलेलं दिसलं की आता मला पुढे जाववत नाही. कमलबाईंना घाईघाईत दिलेलं ते 'नाही' खरं करायचं माझ्याकडे राहिलं आहे.