येऊन बघा म्हणणाऱ्या बाई

कोणाला बोलता बोलता थांबवायचं असलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "तू बघितलंस?" आवाज अजिबात चढलेला नसायचा. तरी समोरच्याला आपल्याच बोलण्याची शंका यायला लागायची.

शाळेतून निवृत्त झाल्यावरही ज्यांचं शिकवणं सुटत नाही अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. या आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या. दर रविवारी विहारात वंदना झाली की त्या सतरंजीवरून उठायच्या नाहीत. मग पाण्याची लाईन, रेशन, तुंबलेलं गटार असे विषय निघायचे. एका काकांना ते आवडायचं नाही. धम्माच्या जागी गटार कशाला, असं ते एकदा म्हणाले. बाई म्हणाल्या, "वास इथपर्यंत येतो ना? मग विषय इथलाच."

मला त्यांच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फॉर्म कसा भरायचा इथपासून सगळं बाईंनी शिकवलं. पण मला त्या खऱ्या कळल्या त्या आईमुळे.

आई कंत्राटावर रस्ता झाडते. पहाटे सफाई खात्याच्या चौकीवर हजेरी लावायची आणि दुपारपर्यंत रस्त्यावर. मध्ये बाथरूमला जायला जागा नाही. तिला सारखी उन्हाळी लागायची, लघवीला जळजळायचं, कधी तापही यायचा. डॉक्टर म्हणायचे, पाणी भरपूर प्या. आई मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायची.

तेव्हा सफाई कामगारांच्या सोयींचं नवं धोरण येणार होतं. त्याच्या मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्ड ऑफिसात सभा ठेवली होती. मसुद्यात चौकीवरच्या सगळ्या सोयी फक्त कायम कामगारांसाठी लिहिल्या होत्या. त्यात कंत्राटी बायकाही आल्या पाहिजेत, एवढंच बाईंचं मागणं होतं. बोलायचं आईने, असं ठरलं. भाषण मी लिहिलं आणि रविवारी वंदनेनंतर विहारात वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, आमच्या चौकीवर बायकांसाठी एकही संडास नाही. कामगार संघटनेचा एक दादा मदतीला यायचा. तो खूश झाला.

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. मी आईकडे बघितलं. आई हळूच म्हणाली की आहे एक, पण त्याला कुलूप असतं आणि चावी मुकादमाकडे.

"बाई, सभेत थोडं चढवूनच सांगावं लागतं," दादा म्हणाला.

"चढवलेलं उतरवायलाच ते तिथे बसलेत," बाई म्हणाल्या. मग आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आत्ताच चौथं शील घेतलं आपण. खोटं बोलणार नाही म्हणालो. ते काय ऑफिसच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचं?"

मी वाक्य खोडलं. खोडताना मला राग आला होता.

सभेत आईने होतं तसं सांगितलं. टेबलामागचे साहेब म्हणाले, म्हणजे संडास आहे, मग अडचण काय? आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. दादाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या वंदनेत एक शब्द आहे. एहिपस्सिको. म्हणजे ये आणि बघ. भगवंतांनी स्वतःचा धम्मसुद्धा न बघता मानायची सूट दिली नाही. आमचंही ऐकून खरं मानू नका. येऊन बघा."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी, बघू, म्हटलं. टेबलाच्या कडेला एक मॅडम टिपणं घेत होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

परत येताना आमच्यातलीच एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बाईंच्या शीलापायी आमचं होणारं काम फिसकटलं." बाईंनी ऐकलं. त्या दिवशी जिना चढताना त्या दोनदा थांबल्या.

पण मॅडम आल्या. काही न कळवता, एका सकाळी, एकट्याच. कॉलेजला निघालेली मी त्यांना चौकीवर बघून निरोप द्यायला धावत बाईंकडे गेले आणि मग आम्ही दोघी चौकीवर पोचलो. झाडूवाल्या बायका नुकत्याच टेकल्या होत्या. मॅडमनी टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला. एकीने पित्त सांगितलं, एकीचा उपास निघाला, एक म्हणाली आत्ताच झाला. बाईंनीही नको म्हटलं, पण गैरसमज नको म्हणून लगेच सांगितलं की मला साखर आहे, माझं यांच्यात धरू नका. शेवटी मॅडमनी आईपुढे ग्लास धरला.

"प्यायलं की जावं लागतं, मॅडम," आई म्हणाली.

मी तिच्याच घरात राहते. ती सकाळी पाणी पीत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडमनी आपला ग्लास खाली ठेवला आणि मुकादमाकडे चावी मागितली. त्याने खिसे चाचपले, घरी फोन लावला, मग कोणीतरी दुसरी चावी आणली. दार उघडलं तर आत छतापर्यंत मोडके झाडू आणि रिकामी पिंपं रचलेली होती. मॅडमनी फोनवर फोटो काढले.

पक्कं धोरण आलं तेव्हा त्यात 'कायम व कंत्राटी' असं लिहिलेलं होतं. दादाने विहारात पेढे आणले. बाईंनी पेढा हातातच ठेवला आणि दार उघडलं का, ते विचारलं. ते उघडायला पुढे बरेच महिने गेले. आई रोज येऊन त्यांना सांगायची, आज पिंपं काढली, आज नळ बसला, आज आतून कडी बसवली. तोवर बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कडीचं ऐकून त्यांनी आईला विचारलं, "नीट लागते ना?" आई म्हणाली, लागते. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या.

परवा पुन्हा एक सभा झाली. कॉटन ग्रीनच्या चौकीवरच्या बायका आल्या होत्या. त्यांच्याकडे अजून काहीच झालेलं नाही. बाई नाहीत, तेव्हा मी बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी कागद घेऊन उठत होते, तर आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"आमच्या चौकीवर आता संडास आहे, चालू आहे," ती म्हणाली. "या बायकांकडे नाही. मी काल जाऊन बघून आले."

साहेबांनी, नोंद घेतो, म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. ज्याचं नाव होतं तो माणूसही उठला. आई उभीच होती. साहेब बघायला कधी येणार, ते सांगेपर्यंत ती खाली बसली नाही.