तार पिशवीत होती, काटा उजवीकडे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली. अंगात आलेल्या बाया पाहिल्या, करणी झालेली पोरं पाहिली... आणि त्यातली बरीचशी रक्तवाढीच्या गोळ्यांनी नाहीतर जंताच्या औषधाने बरी झालेलीही पाहिली. त्यामुळे या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. पण मागच्या अंकातले अनुभव नातीने वाचून दाखवले, तेव्हा तिला म्हटलं, बस इथं, मी सांगते, तू टाइप कर. माझ्या अनुभवात उलटे पाय नाहीत की पैंजणांचा आवाज नाही. दोन मीटर आहेत, एक बॅटरी आहे आणि आमच्या डॉक्टर सुमतीबाई आहेत. जे झालं ते भर दिवसा झालं.

कारंजा लाड. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीम जिल्ह्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून एखाददोन वर्षं झाली असतील. सुमतीबाई तिथल्याच, कापसाच्या व्यापारातल्या जैन घराण्यातल्या. लहान वयात विधवा झाल्या, वडिलांनी हट्टाने नागपूरला शिकवलं, आणि डॉक्टर होऊन त्या परत गावातच आल्या. मी मंगरूळपीरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. अकोल्याला नर्सिंग शिकून बाईंच्या दवाखान्यात लागले, तेव्हा वीस-एकवीसची होते.

बाई मोटरसायकल चालवायच्या! लष्कराच्या लिलावातून आलेली, बाजूला साइडकार जोडलेली, हिरवट रंगाची अवजड गाडी. पातळाचा कासोटा घट्ट मारलेला, डोळ्यांना धुळीचा चष्मा, हँडलला औषधांची पिशवी. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा बाजारातली माणसं तराजू तसेच धरून बघत राहिली म्हणे. वर्षभरात सवय झाली. पुढे पुढे तर लांबून आवाज आला की बैलगाडीवाले आपणहून गाडी बाजूला घ्यायचे.

त्या मोटरसायकलचं इंजिन बॅटरीवर चाले. म्हणजे ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून यायची आणि चालत्या इंजिनावर फिरणारा डायनामो ती बॅटरी पुन्हा भरायचा. बॅटरी बसली की गाडी जागच्या जागी थांबणार. एकदा बाई अशाच एका बाळंतिणीकडे जाताना रस्त्यात अडकल्या होत्या, पोचायला उशीर झाला होता. ते त्यांच्या मनाला फार लागलं. म्हणून गनीमिस्त्रींना त्यांनी दोन मीटर बसवायला लावले. गनीमिस्त्री लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात होते, कारंज्यात असलं काम जाणणारे तेवढेच. हँडलवर मीटर लावला तर बाईंची नजर रस्त्यावरून हटणार, म्हणून त्यांनी ते साइडकारमध्ये, माझ्या गुडघ्यांसमोर, सागवानी फळीवर बसवले.

"नर्सबाई, हा काटा पाहा," ते म्हणाले होते. "मधात शून्य. उजवीकडे गेला तं बॅटरी भरून राह्यली. डावीकडे गेला तं रिकामी होऊन राह्यली. अन् हा दुसरा व्होल्टचा. सहाच्या वर असला तं बेफिकीर राहा. पाचवर आला की उतरून ढकलाची तयारी ठेवा."

झालं, त्या दिवसापासून माझं एक काम वाढलं. रस्त्याने बाई विचारायच्या, "कमल, काटा?" आणि मी सांगायची, "उजवीकडे चार, बाई. व्होल्ट सात." रोग्याची नाडी विचारावी त्याच सुरात विचारायच्या. दवाखान्यात आल्यावर हे आकडे एका वहीत लिहायच्या, किती मैल, ऊन किती, काटा कुठे. इंजेक्शनसाठी डिस्टिल्ड वॉटर आणायचो, त्याच डब्यातलं बॅटरीलाही घालायच्या आणि मला म्हणायच्या, "हिलेही सलाइनच लागते न माय." पुरुष डॉक्टरसुद्धा गाडी नोकराच्या हवाली करायचे त्या काळात या बाईने बॅटरीची रोजनिशी ठेवली होती. मला त्यांचं काय कौतुक वाटायचं, काय सांगू...

तर त्या वर्षी वैशाखात मंगरूळपीरच्या पुढे दहा मैलांवरच्या एका खेड्यात कॉलरा लागला. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. सकाळी सायकलवर निरोप आला आणि तासाभरात आम्ही निघालो. सलाइनच्या बाटल्या कडब्यात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवल्या होत्या. मंगरूळपीरपर्यंत काटा छान उजवीकडे होता. गाव मागे टाकून दोनेक मैल गेलो असू, तोच तो एकदम पडला.

"बाई, डावीकडे तीन!"

"नीट पाह्य."

"तीनच आहे बाई. हलत नाही."

बाईंनी गाडी थांबवली. डायनामोला हात लावला तर चटका बसला. जळक्या वार्निशचा वास येत होता. त्यांनी पान्याने डायनामोची तार सोडवली. तशीच ठेवली तर जळका डायनामो उलट बॅटरीच खाईल, असं मिस्त्रींनी शिकवलं होतं. हाताएवढी ती तार होती. दोन्ही टोकं सोडवून गुंडाळली आणि पिशवीत टाकली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मुद्दाम सांगते.

"आता जेवढी बॅटरीत आहे तेवढ्यावर जाचं," बाई म्हणाल्या. "गावापर्यंत पुरते. परतीचं मंग पाहू."

पोचलो तेव्हा व्होल्टचा काटा साडेपाचवर आला होता. पुढे दुपारपर्यंत मीटरची आठवण काढायलाही उसंत नव्हती. बारा रोगी होते. शाळेच्या दोन खोल्यांत त्यांना ठेवलं, विहिरीत औषध टाकलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. चारच्या सुमारास बाकीचे जरा सावरले होते, पण गंगा नावाची एक पोर हातातून निसटत चालली होती. आठवा महिना. डोळे खोल गेलेले, मनगटाला नाडी लागत नव्हती. बाईंनी घोट्याजवळची शीर उघडून सलाइन लावलं होतं आणि आता शेवटची बाटली उरली होती. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात सलाइन होतं. पण बैलगाडीने चार तास.

गंगाची सासू बाईंचे पाय धरून बसली. "डाक्टरीणबाई, काई करा, पण इले नेऊ नका हो रस्त्यानं. घरीच मरू द्या."

बाईंनी तिला उठवलं. "मराले नाई नेत माय. पाणी द्याले नेतो. तुमी बैलगाडी जुंपून आमच्या मांगून पाठवा. आमची गाडी बंद पडली तं इले तीत घालू. इथं बसून राह्यलो तं एक तासाच्या वर जगत नाई ही."

खरं सांगते, मला तो वेडेपणा वाटला. व्होल्ट जेमतेम साडेपाच! इंजिन सुरू झालं तरी दहा मिनिटांत मरणार. पण गंगाला साइडकारमध्ये टेकवून बसवलं, पाय गोधडीवर बांधले आणि मी बाईंच्या मागच्या सीटवर बसले. डाव्या हाताने सीटची कडी धरली, उजव्या हातात बाटली उंच धरली. तिथून मीटर खाली, गंगाच्या पोटापाशी दिसत होते. चौथ्या किकला इंजिन लागलं.

गावाबाहेर पडलो तोवर व्होल्ट साडेचारवर आला. काटा डावीकडे तीनवर. मैलभर गेल्यावर इंजिन अडखळायला लागलं. एक ठिणगी, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. पुढे कोरडा नाला होता, त्यातून चढ होता. मला कळून चुकलं की इथेच थांबणार. मागे वळून पाहिलं तर बैलगाडीची धूळसुद्धा दिसत नव्हती.

"गंगे, डोळे उघडे ठेव," बाई रस्त्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "कमल, काटा?"

मी खाली पाहिलं. काटा हलत होता. धक्क्याने हलतो तसा नाही... सावकाश, दाराची कडी कोणी हळूच सरकवावी तसा. तीनवरून दोन. शून्य. शून्याच्या पलीकडे. आणि इंजिनाचा आवाज भरून आला, सकाळी घरून निघताना होता तसा एकसारखा.

"बाई... उजवीकडे. सहा."

"चुकीचं पाहून राह्यली तू."

"सहा आहे बाई! व्होल्ट सात!"

बाईंनी एकदाच, निमिषभर मान वळवून स्वतः पाहिलं. मग पिशवी चाचपली. तार आतच होती. त्यांनी ना गाडीचा वेग वाढवला, ना देवाचं नाव घेतलं. एवढंच म्हणाल्या, "सांगत राह्य. दर मैलाले सांग."

मी सांगत राहिले. सहा आणि सात. सहा आणि सात. नाला ओलांडला, चढ चढलो, मोठ्या रस्त्याला लागलो. गचके लागू नयेत म्हणून बाई गाडी सायकलीच्या चालीने नेत होत्या. मंगरूळपीरला पोचायला तास लागला, आणि त्या तासभरात काटा केसभरही ढळला नाही. दवाखान्याच्या ओसरीवर गंगाला उतरवून घेतलं, नवी बाटली लागली. अंधार पडायच्या आत तिच्या मनगटाला नाडी लागली. बाईंनी माझी बोटं तिथे ठेवून ती मला दाखवली.

दुसऱ्या दिवशी निरोप धाडून गनीमिस्त्रींना बोलावलं. ते बसने आले. आधी डायनामो उघडला. आतलं गुंडाळं जळून कोळसा झालेलं. मग काचेच्या नळीने बॅटरीचं पाणी तपासलं. तिन्ही कप्पे पूर्ण चार्ज झालेले, नळीवर पाण्याच्या दाटपणाचा आकडा बाराशे पंच्याहत्तर. नवी बॅटरी रात्रभर भरल्यावर येतो तो हा आकडा. मीटर काढून दुसऱ्या बॅटरीवर लावून पाहिले. दोन्ही बरोबर. तार पाहिली, जोड पाहिले. शेवटी हात पुसत उकिडवे बसले.

"बाई, मी वीस वर्सं हेच काम करून राह्यलो. मले नाई समजलं."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं मंगरूळपीरच्या दर्ग्यातल्या पिराची कृपा, कोणी गावच्या देवीचं नाव घेतलं. गंगाची सासू नारळ, हार घेऊन आली आणि मोटरसायकलला ओवाळायला लागली. बाईंनी तिला अडवलं नाही. हार घालू दिला, प्रसादाचं खोबरं खाल्लं. मग वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: "दहा मैल. डायनामो जळालेला, तार काढलेली. काटा उजवीकडे सहा, व्होल्ट सात. कारण माहीत नाही."

एवढ्यावर थांबतील तर त्या सुमतीबाई कसल्या! पंधरा दिवसांनी साथ ओसरली, नवा डायनामो बसला, तेव्हा मला म्हणाल्या, "चाल, पुन्हा पाहू." त्याच गावातून, त्याच वेळेला, बॅटरी मुद्दाम तेवढीच उतरवून, तार काढून निघालो. मैलभर गेलो आणि इंजिन मेलं. नाल्याच्या अलीकडेच. वैशाखवणव्यात आम्ही दोघींनी ती गाडी ढकलली, घामाने पातळं चिकटली, आणि बाई मात्र खुशीत हसत होत्या. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा केलं. पुन्हा तिथेच बंद. दोन्ही वेळा वहीत नोंद झाली. आपल्याला जे कळलं नाही ते असं खांद्याला खांदा लावून ढकलत तपासणारं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही.

गंगाला मुलगी झाली. बाळ राहील असं बाईंनाही वाटलं नव्हतं. कारंज्याच्या दवाखान्यातच बाळंतपण केलं.

माझा नातू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "आजी, तार उलटी लागली असेल, मीटर अडकला असेल." मी विचारलं, मग बॅटरी भरली कशी? तो बराच वेळ कागदावर आकृत्या काढत बसला. मग कागद घडी करून खिशात टाकला.

आणखी एक गोष्ट आहे. ती वहीत नाही, कारण मी बाईंना ती बरीच वर्षं सांगितली नव्हती. सलाइनची ती काचेची भरलेली बाटली मी तासभर एका हाताने डोक्याच्या वर धरली होती. हात बदलता येत नव्हता. उतरले तेव्हा लक्षात आलं, हात जराही दुखत नव्हता. मुंग्यासुद्धा नाहीत. जणू वर कोणीतरी बाटली धरली होती आणि माझा हात नुसता तिला लागून होता... शेवटी बाई म्हाताऱ्या झाल्यावर एकदा सांगितलं. त्या रागावल्या. "तेव्हाच सांगाचं होतं न कमल! लिहून ठेवलं असतं!" आणि तिथल्या तिथे मला भरलेली बाटली आणून हात वर धरायला लावला, स्वतः घड्याळ घेऊन समोर बसल्या.

सातव्या मिनिटाला बाटली खाली घ्यावी लागली. बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ माझा दंड चोळत बसल्या.